चेंबूरच्या कोर्टावर तू नव्हतीस

शेवंते,

आपल्या गाववाल्यांच्या मंडळाचे लोक परवा येऊन गेले. अंकात तुझा फोटो छापायचाय म्हणाले, खाली थोडं लिहून द्या. जन्म कुठला, माहेर कुठलं, मागे कोण कोण. मी म्हटलं, ते तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्हीच छापा. मी लिहीन ते तिला लिहीन, बाकीच्यांनी वाचायचं तर वाचा. गिरणीत आयुष्य काढलेला माणूस मी, चौथी शिकलेला. चुका असतील त्या त्यांनी सुधाराव्यात.

तुला चेंबूरचं सांगायचं राहिलंय. ते तू असताना झालं नाही, आणि तुला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

हॉस्पिटलात शेवटी शेवटी तुला कुणी ओळखू येत नव्हतं. काविळीनं डोळे हळदीसारखे झालेले. पण त्या दुपारी मी पेजेचा चमचा तोंडाशी नेला तर तू हात धरलास.

"चेंबूराक मॅच आसा मां पोरीची?"

"आहे."

"गाऱ्हाणां कोण घालतला?"

"मी घालीन."

हसलीस तू. त्या अवस्थेत हसलीस. "तुमी? तुमका येता?"

"ऐकून ऐकून आलंय."

"मगे घाला. पोरीचो खेळ सुटाक नये, इतक्यांच बघा."

एवढंच मागितलंस. दागिना नाही, गावाकडची वारी नाही. पोरीचा खेळ सुटू नये. आणि मी हो म्हटलं.

हे वाचणाऱ्यांत आपल्या पोरीच्या, रंजूच्या मैत्रिणीही असतील, त्यांना कळावं म्हणून सांगतो. आमच्या मालवणाकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाला, नाहीतर जागा राखणाऱ्या राखणदाराला, मोठ्यानं सांगायचं म्हणणं. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे काम पुरुषाचं. बाईनं गाऱ्हाणं घातलेलं आमच्या गावात कुणी ऐकलं नसेल. पण आपल्या घरात ते तू घालायचीस, कारण मी घालत नव्हतो. चाळीत तरुणपणापासून लाल झेंड्याखाली बसलो, देवळात कधी गेलो तर चपला सांभाळायला. तू म्हणायचीस, "तुमी घालणास नाय, तर गप उभे रवा आणि व्हय म्हना. तितक्यां तरी तोंड उघडा."

गिरणी बंद पडली तेव्हा मुलुंडच्या त्या कॉलनीच्या क्लबात मला माळ्याची नोकरी मिळाली आणि मागची खोली मिळाली. बाग थोडी आणि टेनिसचं कोर्ट एक. त्या कोर्टाला भेगा पडलेल्या. मी नुसतं पाणी मारत होतो. तू कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "पाणी कसलां मारतास? सारवूक होयां." तबेल्यातून शेण आणलंस, लाल मातीत कालवलंस आणि गुडघ्यावर बसून सगळं कोर्ट सारवलंस. मेंबर लोक नाकाला रुमाल लावून गेले. ऊन पडलं, वास गेला, कोर्ट ताटासारखं झालं. तू पदरानं तोंड पुसून म्हणालीस, "ह्यां आता आमचां खळां झालां."

रंजू त्या खळ्यात वाढली. उशिरा झालेली पोर, लाडाची. तिच्या बरोबरीच्या पोरी अंगणात लगोरी खेळल्या, ही त्या कोर्टावर चेंडू मारायला शिकली. मरोळ गावचे पीटर सर सकाळी मेंबरांच्या पोरांना शिकवायला यायचे, डोक्याला कायम ती कळकट टोपी. त्यांनी एकदा तिला भिंतीवर चेंडू मारताना बघितलं आणि आपली जुनी रॅकेट दिली. मला म्हणाले, "अरे, तुझ्या पोरीचा हात कसला रे! कोयता चालवते का घरी?" तू आतून ओरडलीस, "नारळ सोलता ती. तुमका हवो तर देतंय एक."

घरच्या कोर्टावर तिला कुणी हरवत नव्हतं. मेंबरांची मोठी पोरं हरायची आणि रॅकेट आपटायची. पण बाहेर नेली की संपलं. पहिल्यांदा गोरेगावला नेली, त्या क्लबाच्या गेटातच ओकली. आत सिमेंटचं कोर्ट, हिरवा रंग मारलेलं, खुर्च्यांवर माणसं, थंड पाण्याचे जग. हिचे पाय लाकडाचे झाले. सर्व्हिस एक नेटात, दुसरी बाहेर, पुन्हा एक नेटात. समोरच्या पोरीला काही करावंच लागलं नाही.

मी येताना तिला झापली. "तोच चेंडू, तेच नेट. भ्यायचं काय त्यात?"

"बाबा, ते आपलं कोर्ट नाही ना."

"मग काय कोर्ट डोक्यावर घेऊन फिरायचं?"

पीटर सरांनी त्यांच्या परीनं सांगितलं. लवकर जा, कोर्टावर चालून ये, चेंडू कसा उसळतो बघ. सर्व्हिसच्या आधी चेंडू आपट, लांब श्वास घे, रॅकेटच्या तारांकडे बघ, माणसांकडे नको. तिनं सगळं केलं. पुढच्या ठिकाणी ओकली नाही इतकंच. हात बर्फासारखे ते बर्फासारखेच.

तू भाकऱ्या थापत होतीस. मान वर न करता बोललीस, "दुसऱ्याच्या खळ्यात न इचारता शिरली पोर. भियां वाटतला नाय तर काय?"

मी हसलो. रंजू हसली नाही. ती तुझ्याकडे बघत राहिली. "मग काय करायचं आई?"

"इचारून शिरायचां."

अंधेरीची ती मॅच मला मरेपर्यंत आठवेल. तू नऊवारी नेसून, पिशवीत नारळ घेऊन गेटावर. वॉचमन आडवा आला. "किधर, बाई? इधर मेंबर लोग का है."

"मेरी लडकी का मॅच है. दरवाजा खोल, नाय तर तुझ्या सायबाक बोलव."

त्यानं उघडला. तुझ्या हिंदीपुढे भलेभले उघडत. कोर्टाच्या कडेला तू चप्पल काढलीस, नारळ ठेवलास, पदर डोक्यावर घेतलास. रंजूला उजवीकडे उभी केलीस, मला डावीकडे. आधी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन बघितलेस. "थंड आसत. बरां झालां. हात थंड म्हंजे पोरीक खेळूचां आसा." आणि सुरू केलंस, सगळ्या क्लबाला ऐकू जाईल असं.

"बा म्हाराजा! ह्या जागेच्या राखणदारा! आज हे पोर तुझ्या खळ्यात खेळूक इलां हा. चोरून नाय, इचारून इलां हा."

"व्हय म्हाराजा," रंजू म्हणाली. लाजेनं तिची मान खाली गेलेली.

"हिच्या पायात गोळो येव नये. हिचो चेंडू चुन्याच्या रेषेभायर पडा नये."

"व्हय म्हाराजा."

"आणि तो उंच खुर्चेर बसललो मानूस, तेका दिसता तां खरां दिसांदे!"

रंजूला हसू फुटलं. पंचही बघू लागला. मी "व्हय" म्हटलं ते तोंडातल्या तोंडात. तू कोपरानं ढोसलंस. "म्हाराजा रवलो," म्हणालीस. मग मोठ्यानं म्हणावं लागलं.

तेवढ्यात समोरच्या मुलीचा बाप तावातावानं आला. बँकेतला साहेब, टाय लावलेला. "अहो बाई, हे काय चाललंय? ही खेळायची जागा आहे, जादूटोण्याची नाही. मी कमिटीला सांगतो."

तू त्याच्याकडे बघितलंस. "गाव खंयचां तुमचां?"

साहेब अडखळला. इकडेतिकडे बघितलं. "देवगड."

"मगे जादूटोनो काय म्हंतास? तुमच्या घराक राखणदार नाय?"

तो टायची गाठ नीट करत राहिला. मग जवळ येऊन, बायको ऐकत नाही असं बघून हळूच म्हणाला, "वहिनी, माझ्या मुलीचं पण नाव घ्याल का? मनीषा. तिलाही फार घाम फुटतो."

आणि तू घेतलंस! "ह्या मनीषाचो पण चेंडू रेषेभायर पडा नये." देवगडचा साहेब टाय सावरत सगळ्यात मोठ्यानं ओरडला, "व्हय म्हाराजा!" रंजू पोट धरून हसली. त्या हसण्यातच ती कोर्टावर गेली, आणि बाहेरच्या कोर्टावर पहिल्यांदा तिचे पाय हलले. पळाली, घसरली, गुडघा फोडून घेतला. हरली. पण तीन सेटपर्यंत नेलं त्या मनीषाला. घरी आल्यावर ती एकेक फटका तुला पुन्हा पुन्हा सांगत होती. तुला टेनिसमधलं काही कळत नव्हतं. तू नुसतं "मगे?" म्हणत होतीस आणि ती सांगत होती.

त्यावरून आपलं भांडण झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणालो, दुसऱ्याच्या पोरीसाठी कशाला मागितलंस? आपली जिंकली असती.

तू म्हणालीस, "तिच्याय हाताक घाम होतो."

"जागेला कान नसतात, शेवंते. हे सगळं थोतांड."

"मगे तुमी व्हय कित्याक म्हनालास?"

"लोक बघत होते म्हणून."

"पोर बघत होती," म्हणालीस आणि भांडी घेऊन मोरीवर गेलीस.

दुसरं भांडण त्याहून मोठं. मला वाटायचं, पोरीची भीती मुळासकट उपटून टाकली पाहिजे. सरांनी शिकवावं, मी ओरडावं, काहीही करावं, पण भीती राहता कामा नये. भीती गेली की ही पोर कुणाला ऐकणार नाही. तू म्हणायचीस, असं नसतं. "भियां भायर काढूचां नसता. तेका पाट द्यायचो, बस म्हनायचां. तां बसललां आसलां काय पोर उठान खेळता." मी म्हणालो, अडाणी आहेस. तू म्हणालीस, तुमी काय कालेजात गेलास? हे सगळं बसस्टॉपवर उभ्या उभ्या, लोक आपल्याकडे बघत होते.

अजून मला गाऱ्हाणं पटत नाही. तू गेलीस म्हणून पटलं असं लिहिणार नाही. खोटं कशाला लिहू? पण एवढं लिहितो की तुझ्यामागून त्या गेटांतून आत जाताना मलाही बरं वाटायचं. मुलुंडचा माळी मी, ठाण्यापासून विलेपार्ल्यापर्यंत कुठल्या कुठल्या क्लबांच्या हिरवळीवर ताठ चालून आलो, ते तुझ्या नारळाच्या पिशवीच्या आडोशानं. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मगे पुढच्या वेळेक पिशवी तुमी धरा."

तुझं तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात चेंबूरची मॅच. पीटर सर घरी आले. टोपी हातात धरून दारातच उभे. "नाव काढून घेतो," म्हणाले. "कोणी काही बोलणार नाही."

रंजू म्हणाली, "नको सर. मी जाते."

मला बरं वाटलं, गं. खरंच बरं वाटलं. वाटलं, पोर उभी राहतेय. पहाटे उठून मी मनात गाऱ्हाणं घोळवलं. राखणदारापर्यंत नीट आलं, पुढे तुझे शब्द आठवले तसे घेतले. नारळ घेतला. चेंबूरला त्या क्लबाच्या गेटावर वॉचमननं अडवलंसुद्धा नाही, रंजूनं नाव सांगितलं आणि आत गेलो.

कोर्टाच्या कडेला मी चप्पल काढली. डोक्यावर टोपी घातली. नारळ ठेवला. म्हटलं, "ये, उभी राहा."

"नको, बाबा."

"अगं, तुझ्या आईला शब्द दिलाय मी."

"खरंच नको. हे बघा." तिनं दोन्ही हात पुढे केले.

मी हातात घेऊन बघितले. कोरडे होते. कोमट. चुलीशी बसलेल्या माणसाचे असतात तसे. इतक्या वर्षांत मॅचच्या आधी तिचे हात असे मी कधी बघितले नव्हते. मला आधी आनंदच झाला. सरांकडे वळून बोललो, "सर, हिची भीती गेली!" सर तिच्या हातांकडे बघत राहिले.

मग मॅच सुरू झाली आणि मला कळलं.

ती नीट खेळत होती, गं. सर्व्हिस नेटात गेली नाही. चुन्याच्या बाहेर काही फार पडलं नाही. पण जो चेंडू दोन पावलं लांब पडायचा त्याला ती जातच नव्हती. बघायची. नुसती बघायची. एरवी ज्या चेंडूसाठी गुडघे फोडून घ्यायची, तो तिच्या बाजूनं जायचा आणि ती मान वळवून त्याला जाऊ द्यायची. मी कडेवरून ओरडलो, "पळ गं! पळ!" तिनं माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला, ऐकू आलं म्हणून. पळाली नाही. समोरच्या पोरीचं कपाळ घामानं निथळत होतं, ओठ कोरडे पडलेले. तिची आई कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून उभी. ती पोर जिंकली आणि रडायलाच लागली. आपली नेटाशी गेली, तिचा हात हातात घेतला, शाबास म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिला वडा घेतला. खाल्ला तिनं. पूर्वी मॅचच्या दिवशी पाणी उतरत नव्हतं तिच्या घशाखाली.

"भ्यायली नाहीस आज?" मी विचारलं.

"नाही."

"कशी काय?"

तिनं हात पुसले. "कशाला भ्यायचं, बाबा? हरलं तर घरी जाऊन सांगायचं कुणाला?"

मी तिथेच होतो तिच्या समोर. वडा हातात धरून. पण तिला मी दिसलो नाही असं नाही. तिला खरंच माहीत आहे की मला सांगण्यात काही अर्थ नाही. मी "मगे?" म्हणत नाही. मी म्हणतो, "अगं, पण तो चेंडू सोडलास का?"

सर म्हणाले, थोडे दिवस जाऊ देत. गेले थोडे दिवस. तिनं रॅकेट पीटर सरांना परत नेऊन दिली, धुऊनपुसून. ते घेईनात तर त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला लावून आली. मी रागावलो, शिव्या दिल्या, आईला काय शब्द दिला होता मी, म्हणालो. ती भांडलीसुद्धा नाही. तुझ्याशी किती भांडायची! आमटीत मीठ जास्त पडलं तर तुमच्या दोघींचा आवाज कोर्टापर्यंत यायचा. माझ्या आमटीत मीठ जास्त असतं, ती निमूट जेवते आणि ताट धुते.

तू म्हणायचीस ते खरं की मी म्हणायचो ते खरं, आता ठरवायचं कुणी? भीती गेली पाहिजे असं मी म्हणत होतो. गेली. मुळासकट गेली. जाताना काय घेऊन गेली ते तू आधीच सांगितलं होतंस, तेव्हा मी तुला अडाणी म्हणालो होतो. मंडळवाल्यांना वाटेल शेवटी काहीतरी बरं लिहीन. मुलीनं पुन्हा रॅकेट उचलली, आईचा आशीर्वाद आहे, असं काही. नाही उचलली. उचलेल असं मला वाटत नाही.

आज सकाळपासून ती टायपिंगच्या क्लासला जायला लागली. स्टेशनजवळ, एका इमारतीत वर. जागा नवीन, सगळी अनोळखी पोरं, मशिनांचा खडखडाट खालपर्यंत येत होता. मी सोडायला गेलो. नको म्हणत होती, तरी गेलो. ती जिन्यानं सरळ वर गेली, वळून बघितलं नाही.

मी खालीच उभा राहिलो. पानवाल्यानं विचारलं, कोणाची वाट बघताय काका? मी म्हटलं, पोरीची, क्लास सुटायचाय. तो म्हणाला, आत्ता तर सुरू झाला. त्याला काय सांगू? मी वाट बघत होतो की ती घाबरेल. दाराशी जाऊन पाय अडेल तिचा, घाम फुटेल, धावत खाली येईल आणि म्हणेल, बाबा, मला नाही जमायचं इथे. मी तिला झापलं नसतं, शेवंते. मी तिला उचलून घरी आणली असती.

क्लास सुटला. सगळ्यांबरोबर ती खाली आली. म्हणाली, "सोपं आहे."